बोलकीचं बिऱ्हाड

४ फेब्रुवारी

भाचीबाई,

फोनवर आपण दोघं दोन मिनिटांत हमरीतुमरीवर येतो आणि तिसऱ्या मिनिटाला तुझी मामी टेबलावर चमचा आपटते, म्हणून हे पत्र. पत्रात मधेच तोडता येत नाही, तेव्हा पूर्ण वाच.

बोलकी हा प्रोग्राम तू लिहिलास, मान्य. मामीच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तू रजा टाकून आलीस, तिला आठवडाभर माइकसमोर बसवलंस आणि तिचा आवाज वाक्यावाक्यानं भरून ठेवलास. आज तिच्या गळ्यात आवाज नाही, पण ती बटण दाबते आणि कॉम्प्युटरमधून तीच बोलते. तुझे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण बोलकीला आमच्या कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टीमवर नांदवली कोणी? मी. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी संपवलेला माणूस मी, मी तिचं रीतसर पॅकेज बांधलं. आवाजाचा भाग, अक्षरांचा भाग, खिडक्या उघडण्याचा भाग, हे सगळं सिस्टीममध्ये आधीपासून असतंच, बोलकी तेच वापरते. एका स्वयंपाकघरात सगळ्यांचं शिजतं. कुठे गळती सापडली तर एकदाच दुरुस्ती करायची, फायदा सगळ्या प्रोग्रामांना. आणि काढून टाकायचं म्हटलं तर मागे कण राहत नाही, ती सोय मी स्वतः लिहिली आहे. जाताना खोली झाडून जावं, अशी आमची शिस्त.

आता तू म्हणतेस, बोलकी यापुढे बंडलमधूनच द्यायची, तिला लागणारं सगळं एकाच फाइलीत कोंबून. म्हणजे जाईल तिथे स्वतःची चूल, स्वतःची भांडी, स्वतःचं पाणीसुद्धा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. डिसेंबरात पाठवलेलं तुझं पहिलं बंडल आठवतं ना? बोलकी मुंगीएवढी आणि बंडल हत्तीएवढं. मी पोट धरून हसलो आणि फाइल उडवून दिली.

तेव्हा माझं म्हणणं असं की मामीचा आवाज माझ्या पॅकेजात सुखरूप आहे, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

मामी आत्ताच बटण दाबून म्हणाली, "दोघंही आधी जेवून घ्या." तू इथे नाहीस हे तिला ठाऊक आहे, पण ते वाक्य दोघांसाठीच भरलेलं आहे, त्याला ती काय करणार.

तुझा
मामा


९ फेब्रुवारी

मामा,

पूर्ण वाचलं. चमचा आपटायला मामी इथे नाही, म्हणून मीच अधूनमधून टेबल वाजवत होते.

तुझ्या त्या एका स्वयंपाकघरात गेल्या वर्षी काय शिजलं ते विसरलास वाटतं. सिस्टीमचं मोठं अपडेट आलं, आवाजाचा भाग बदलला आणि बोलकीची दातखीळ बसली. मामी दोन दिवस पांढऱ्या पाटीवर मार्करनं लिहीत होती. तू खटपट करून पॅकेज पुन्हा बांधलंस, म्हणून निभावलं. पण मामी दर गुरुवारी जाते त्या थेरपीवाल्या बाईंकडे, आवाज गेलेले मामीसारखे जे आणखी येतात, त्यांच्या घरी मामा नाही. एक बसचालक आहेत, एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. कॉम्प्युटर कोणी तरी दिलेले, जुने. एकाच्या मशीनवर एक लिनक्स, दुसऱ्याच्या मशीनवर दुसरं, तिसऱ्याचं तर कोणतं ते त्यालाच माहीत नाही. प्रत्येकासाठी वेगळं पॅकेज बांधायचं तर मला नोकरी सोडावी लागेल. बंडल एकदा बांधलं की सगळीकडे चालतं. फाइल घ्या, उघडा, बोला.

आणि दुसरं. तुमच्या कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड कोणाकडे आहे? तुझ्याकडे. तुझं पॅकेज बसवायचं किंवा बदलायचं तर तो लागतो. म्हणजे मामीला स्वतःचं तोंड उघडायला नवऱ्याची परवानगी लागते. बंडलला ती लागत नाही. यावर जरा विचार कर, मग हस.

तुझं खरं आहे तेवढं मान्य करते. बंडल जागा जास्त खातं. आतला एखादा भाग सदोष निघाला तर सिस्टीम दुरुस्त करणार नाही, मलाच नवं बंडल काढावं लागेल. पण त्या हत्तीला मी आता बराच वाळवलाय. थेरपीवाल्या बाईंनाही तो डिसेंबरातच दिला होता, त्यांच्या कोपऱ्यातल्या मशीनवर मात्र तो मूळचा हत्तीच अजून चालतोय. त्यांनी एकदाही कुरकुर केलेली नाही.

नव्या नोकरीत माझा जीव मेटाकुटीला आलाय मामा. खोलीत एक टेबल, एक पलंग आणि पाणी तापवायची किटली आहे. दोन तऱ्हेच्या बोलक्या सांभाळणं मला एकटीला झेपणार नाही. तुझं पॅकेज वाईट आहे असं मी म्हणतच नाही. एकदा नवं बंडल बसवून बघ, एवढीच विनवणी.

तुझी भाची


१७ फेब्रुवारी

भाचीबाई,

पासवर्डचा टोमणा मामीला वाचून दाखवला, ही माझी चूक. तिनं "बरोबर आहे" हे बटण लागोपाठ इतक्या वेळा दाबलं की शेजारीण खिडकीतून डोकावली.

ठीक आहे. शनिवारी बसवतो. तू विनवणी वगैरे शब्द वापरलेस की माझं काही चालत नाही, आणि ते तुला चांगलं ठाऊक आहे. पण एका प्रोग्रामच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी ठेवणं मला जमत नाही, अंगाला खाज सुटते. आधी जुनी बोलकी काढीन, जागा स्वच्छ करीन, मग तुझं बिऱ्हाड आत घेईन.

त्या हत्तीबद्दल मात्र माझं ऐक. थेरपीवाल्या बाईंकडे त्याच्या पोटातला प्रत्येक भाग डिसेंबरचा असणार. बंडलचं हेच दुखणं आहे. ज्यानं बसवलं तो विसरला की ते तसंच शिळं होत पडून राहतं, कोणी ढुंकून बघत नाही. बाईंना सांग, तो हत्ती काढा आणि नवं घ्या.

किटली गळत तर नाही ना? जेवतेस का वेळेवर?

मामा


२ मार्च

मामा,

शनिवार येऊन गेला, त्याच्या मागून दुसरा गेला. तुझं चार ओळींचंसुद्धा पत्र नाही. बंडल चाललं की नाही? तुझ्यासारखा माणूस चूक सापडली तर पाच पानं लिहितो, म्हणजे चाललं असावं, असं मी समजून चालले होते.

पण मामीचं काय झालंय? दर रविवारी ती बोलकीवरून आवाजात निरोप पाठवायची. "उठलीस का? खाल्लंस का? खोटं बोलू नकोस." तीनच वाक्यं, पण ती ऐकली की माझा आठवडा सुरू व्हायचा. दोन रविवार झाले, नुसता टाइप केलेला मजकूर येतोय. "बरी आहेस ना" एवढाच. ती माझ्यावर रागावली आहे का? तुला पासवर्डवरून बोलले ते तिला मनातून लागलं असेल का? खरं सांग. मला इथे कोणाला विचारता येत नाही.

तुझी भाची


६ मार्च

भाचीबाई,

मामी रागावलेली नाही. स्पीकर जरा कुरकुरतोय, बाकी काही नाही. बंडल सुरू होतं. बटणं मोठी आहेत, छान दिसतात.

एक तांत्रिक प्रश्न होता. लॅबमधला माझा एक जुना सहकारी आहे. त्यानं एक पॅकेज काढताना साधं काढण्याऐवजी मुळासकट काढायची आज्ञा दिली. पॅकेज गेलं, आणि त्याबरोबर त्याच्या सिस्टीमच्या फोल्डरात ठेवलेली घरची माहितीही गेली. अशी माहिती परत मिळवायचा काही उपाय तुझ्या ऐकण्यात आहे का? त्याच्यासाठी विचारतोय. बिचारा जेवत नाही नीट.

मामा


८ मार्च

मामा,

तो सहकारी तूच आहेस.

तुला कधी खोटं बोलता आलं नाही, आणि पत्रात तर मुळीच येत नाही. "छान दिसतात" म्हणे. तू जन्मात कधी माझ्या बटणांना छान म्हणाला नाहीस.

मामीचा आवाज गेला का? सगळा? तुझ्याकडे बॅकअप असणारच, तू तर कात्रीचाही बॅकअप ठेवणारा माणूस. माझ्याकडे काय आहे ते आधीच सांगते, म्हणजे आशा लावून बसू नकोस. रेकॉर्डिंग ज्या लॅपटॉपवर केलं तो जुन्या ऑफिसचा होता. नोकरी सोडताना परत केला, त्यांनी तो पुसला. तुझ्याकडे सुखरूप आहे म्हणून मी दुसरी प्रत ठेवली नाही.

लगेच लिही. रागावणार नाही.

भाची


१२ मार्च

पोरी,

हो, मीच.

मामीच्या सगळ्या ध्वनिफिती मी बोलकीच्या पॅकेजच्या खोलीत ठेवल्या होत्या, सिस्टीमच्या पोटात. मला वाटलं, यापरती सुरक्षित जागा कुठली? आणि पॅकेज मुळासकट काढलं की ती खोली झाडून पुसून साफ करायची, हे मीच लिहून ठेवलेलं. शनिवारी आज्ञा दिली, मशीननं विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." माझंच झाडू मारणारं कलम माझ्या घरावर चाललं. मला अभिमान होता त्या चार ओळींचा.

बॅकअप आहे. रोजचा आहे, आठवड्याचा आहे, वेगळ्या डिस्कवर आहे. पण पॅकेजमधून आलेलं काही त्यात घ्यायचं नाही, असा नियम मीच घातला होता. ते काय, कधीही परत बसवता येतं, जागा कशाला अडवायची. त्या नियमात मामीचा आवाज बाहेर राहिला. डिस्क खरवडून पाहिली. ही नव्या जातीची डिस्क रिकामी झालेली जागा लगेच पुसून टाकते. एक फाइल हाती लागली, तीत नुसती खरखर आहे. ती मी उडवलेली नाही.

तुझ्या बंडलमध्ये यंत्राचा आवाज आहे. मामीनं एकदा "पाणी" दाबलं, तो स्टेशनवर घोषणा व्हावी तसा बोलला. तिनं खिडकी बंद केली आणि पाटी काढली. तेव्हापासून पाटीच चालू आहे. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही. ती विचारत नाही, आणि तिनं विचारलं तर मी कोसळीन अशी मला भीती वाटते. चाळीस वर्षं ज्या आवाजाच्या शिव्या खाल्ल्या तो मी एका आज्ञेत पुसला, हे पाटीकडे बघत कसं सांगू?

तू रागावलीस तरी चालेल.

मामा


१४ मार्च

प्रिय मामी,

हे पत्र मामाला न दाखवता वाच. एक वाईट बातमी आहे. ती त्यानं तुला सांगायला हवी होती, पण त्याची जीभ उचलत नाही. तुझ्या आवाजाच्या सगळ्या फायली त्याच्या हातून चुकून पुसल्या गेल्या. माझ्याकडेही प्रत नाही. त्याचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

मग काल अचानक आठवलं. डिसेंबरातलं ते पहिलं बंडल, मामा ज्याला हत्ती म्हणतो, ते एवढं फुगलं होतं कारण घाईघाईत मी तुझी सगळी रेकॉर्डिंग त्यातच बांधली होती. एकूण एक. मामा हसला म्हणून नंतर मी ती कापून काढली. पण थेरपीवाल्या बाईंच्या कोपऱ्यातल्या मशीनवर तो हत्ती अजून असेल. असेल अशी आशा आहे. त्यांचा फोन लागत नाही. मामानं नवं घ्यायला सांग म्हटलं होतं, तो निरोप द्यायला मी विसरले, आणि आज मला त्या विसरण्याचा आनंद होतोय.

तू गुरुवारी जाशील तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन जा. मशीनच्या पडद्यावर बोलकीची एकच मोठी फाइल दिसेल, ती तशीच उचलून आण. घरी आणल्यावर तिच्यावर उजवं बटण दाब, "चालवण्याची परवानगी" असं दिसेल तिथे खूण कर, आणि उघड. पासवर्ड लागणार नाही.

मामाला आत्ताच सांगू नकोस. तिथे काही मिळालं नाही तर त्याच्या वाट्याला हे दुसऱ्यांदा नको.

तुझी भाची


२१ मार्च

बाळ,

मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

शनिवारी दुपारी हे कॉम्प्युटरसमोर बसले होते. "अरेच्चा" म्हणाले. नंतर उठून घडी घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालायला लागले. मी काय ओळखत नाही का यांना? संध्याकाळी मला म्हणाले, "बंडलमध्ये काही तरी खोट आहे, भाची दुरुस्त करतेय." मी मान डोलावली. तुझ्यावर ढकललं यांनी, हे तुला लिहिलं नसेलच. लिहिलं नसणार. त्याबद्दल मी बघून घेते.

तुला वाटत असेल मामीनं महिनाभर किती सोसलं. सोसलं, खोटं कशाला बोलू. पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडण्याचा आवाज येत नाही ही एक सोय आहे. ऑपरेशननंतर आवाज एकदा गेला होता, तेव्हा मनाची तयारी तरी होती. पण एक गंमत सांगते. लग्नापासून हा माणूस दाढी करताना नळ वाहता सोडतो. आधी तोंडानं ओरडायचे, मग बोलकीवर ते बटण आलं, तू हसत हसत भरून घेतलेलं, "वेंधळोबा, नळ!" तीनदा दाबल्याशिवाय फरक पडायचा नाही. आणि हा महिनाभर नळ एकदाही वाहता राहिला नाही. मी स्वयंपाकघरात वळायच्या आत हे दारात उभे. काही हवंय का, डबा उतरवू का, खिडकी लावू का. हाक मारायला माझ्याकडे काही नाही हे ठाऊक होतं, म्हणून हाकेच्या आधीच यायचे.

गुरुवारी थेरपीला गेले. हे नेहमीसारखे बाहेर पेपर वाचत बसले. आत शिरते तोच कोपऱ्यातून माझा आवाज आला, "वेंधळोबा, नळ!" मी जागच्या जागी खिळले. शिवणकाम करणाऱ्या बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या आणि ते बसचालक पाण्याच्या पिंपाजवळ ग्लास भरत होते. त्यांनी मुकाट्यानं नळ बंद केला. डिसेंबरपासून तिथे सगळे हेच बटण दाबतात म्हणे, सगळ्यांचं लाडकं. मी गुरुवारी थेरपी संपली की लगेच निघते, म्हणून मला पत्ताच नव्हता. मला हसावं की लाजावं कळेना. शेवटी हसले, आणि बाई गं, हसताना डोळ्यांतून पाणी थांबेना.

आता एक बोलायचं आहे, ते ऐक. माझा घरचा आवाज परक्यांच्या हाती देताना मला विचारायला हवं होतंस. घाईत झालं, कळलं, रागावलेली नाही. पण विचारायला हवं होतं. "पाणी द्या", "दुखतंय", "थांबा", ही माझी वाक्यं त्यांना राहू देत, त्यांच्या उपयोगाची आहेत. त्यांच्या नव्या बंडलमध्ये तेवढीच घाल, बाकीची नकोत. शिवणकामवाल्या बाईंनी हात जोडले, ते नळाचं बटण तेवढं ठेवा. ते ठेव. नवरे सगळीकडे सारखेच.

फाइल आणली. त्याच संध्याकाळी हे दुकानात गेले तेव्हा तू सांगितलंस तसं उजवं बटण दाबून खूण केली, आणि हत्ती उठला. पासवर्ड नाही, विचारणं नाही. सगळी वाक्यं आहेत. तुझी तीनही आहेत, रविवारी ऐकशील. ऐकून पाहिली, मग बंद केली आणि पेन ड्राइव्ह मसाल्याच्या डब्यामागे ठेवला.

यांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी सांगेन. न बोलावता येणारा नवरा मला पहिल्यांदाच मिळालाय, आणखी दोन दिवस मजा घेऊ दे.

तुझी
मामी


२५ मार्च

भाचीबाई,

तुम्ही दोघींनी मिळून मला बनवलंत, ते नंतर बघू. आधी कामाचं.

आवाज आता सिस्टीमच्या पोटात नाही. मामीच्या स्वतःच्या फोल्डरात आहे, तीन ठिकाणी प्रती आहेत, चौथी तुला पाठवली आहे, आणि ती किटलीशेजारी ठेवू नकोस. पॅकेजमधलं झाडू मारणारं कलम मी खोडलं. प्रोग्रामनं जाताना स्वतःचं सामान न्यावं, घरच्यांच्या वस्तूंना हात लावू नये, हे मला या वयात कळलं. मामीच्या मशीनवर तुझं बंडल राहील, कारण ते तिला स्वतःला उघडता येतं. पॅकेज मी बांधत राहणार. आवाजाच्या भागात परवाच एक दोष निघाला. सिस्टीमनं तो सकाळी आपोआप दुरुस्त केला आणि तुझ्या बंडलमध्ये तो अजून तसाच आहे, बघ जरा. तो हत्ती शिळा होता म्हणून वाचला, हे मी चारचौघांत कबूल करणार नाही. तुझ्यावर खोट ढकलली, त्याची माफी इथेच मागतो. मामीनं उभं करून लिहून घेतलंय.

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. नळ बंद होता, महिनाभराची सवय. मागून हाक आली, "वेंधळोबा, नळ!"

माझा हात थांबला. अर्ध्या गालावर फेस तसाच. वळून बघायचा धीर होईना, भास झाला असेल तर काय, असं वाटलं. मी नळाकडे बघितलं. थेंबही गळत नव्हता.

मग मी नळ पूर्ण सोडला आणि पुन्हा हाक येण्याची वाट बघत उभा राहिलो.

आली.

तुझा
मामा